स्किनचा फोटो, एआय आणि आपलं उपकेंद्र: कोणाला आजच पाठवायचं, कोणाला थांबवायचं

दिवाळी सरली की आमच्या धारूर तालुक्यातली निम्मी गावं ऊसतोडीला जातात आणि माझ्या व्हॉट्सॲपवर फोटो यायला सुरुवात होते. सांगली, कोल्हापूर, तिकडं कर्नाटकात बेळगावकडं, जिथं फड असेल तिथून. फोटो कसला, तर पिंडरीवर काळपट काहीतरी, रात्री टॉर्चच्या उजेडात काढलेला, हात हलल्यामुळं अर्धा पुसट, कोपऱ्यात बैलाचं शेपूट, आणि खाली व्हॉइस मेसेज, "मॅडम हे बगा काय झालंय, लय ठणकायलंय, मुकादम म्हणतंय गोळी खा न् चल."

मी उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे, बीएएमएस झालेली, स्किनची स्पेशालिस्ट नाही. स्किनचे डॉक्टर म्हणजे आमच्यासाठी अंबाजोगाई नाहीतर थेट घाटी, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा मोठा सरकारी दवाखाना, आणि अंबाजोगाईला जायचं म्हटलं तरी पेशंटचा एक दिवस गेलाच. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय हे खरं, पण मजुरी अर्धी बुडत नाही, सगळी बुडते. म्हणून मी दोनेक वर्षांपासून फोटो आणि एआय दोन्ही वापरायला लागले, आधी नुसतं गंमत म्हणून, मग चुका करत करत थोडी पद्धत बसली. बाकीचे सीएचओ, आशाताई आणि गावातली फोन हातात असलेली शिकलेली पोरं, यांनी वापरावं म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. आपण रोगाचं नाव शोधत नाही आहोत. ट्रायेज म्हणतात ते म्हणजे निवडणं, बाई सुपात ज्वारी घेऊन बसते आणि खडा दिसला की बाजूला काढते ना तसं, खडा कोणत्या डोंगरातला आहे हे ती बघत बसत नाही. आपल्याला तीनच ढीग करायचेत: आजच पाठवायचा, आठवड्यात दाखवायचा, आणि थांबून बघायचा. एआयला पण हेच काम सांगायचं. "हे काय आहे" असं विचारलं की ते नाव सांगतं, नाव ऐकलं की आपण त्या नावाच्या मागं लागतो, पेशंट मेडिकलवर जाऊन ते नाव सांगून ट्यूब आणतो, आणि खडा सुपातच राहतो.

ॲप उघडायच्या आधी

काही पेशंटला एआय दाखवायचंच नाही, फोटोत पण वेळ घालवायचा नाही. आधी हे बघा, फोनवर विचारूनसुद्धा कळतं.

मागच्या महिनाभरात नवीन औषध सुरू झालंय, विशेषतः फिटचं, गाऊटचं, सल्फावालं अँटिबायोटिक किंवा दुखण्याची गोळी, आणि आता ताप, अंगावर चट्टे, तोंडात फोड, डोळे लाल, कातडीला आग किंवा कातडी सुटायली, तर १०८ बोलवा आणि घरातली सगळी औषधाची पाकिटं पिशवीत घालून सोबत द्या. नवीन सुरू झाली होती ती गोळी बंद, पण कोणती ते डॉक्टरला दिसलं पाहिजे म्हणून पाकीट महत्त्वाचं. ओठ, जीभ सुजली, श्वास लागतोय, आवाज बसला, तरी १०८. ताप आहे आणि अंगावर जांभळे ठिपके आहेत, काचेचा ग्लास वरून दाबला तरी ठिपका फिका पडत नाही, तर थांबू नका, लहान लेकरू असेल तर अजिबातच नको. शुगरवाल्याच्या पायाचं बोट काळं पडलंय किंवा वास यायलाय. महिन्याच्या आतलं बाळ आणि अंगावर फोड. नागीण कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर, कारण तिथं डोळा जाऊ शकतो. हे तिन्ही पण आजचेच.

आणि एक असं आहे ज्यात फोटोत काहीच दिसत नाही. शेवटच्या महिन्यांतली गरोदर बाई म्हणते सगळ्या अंगाला खाज, तळहात-तळपायाला जास्त, रात्री झोप नाही, आणि अंगावर एक पुरळ नाही. एआयला फोटो दिला तर ते म्हणणार त्वचा नॉर्मल दिसतेय, कोरडेपणा असेल, मॉइश्चरायझर लावा. पण हे लिव्हरचं असू शकतं, पोटातल्या बाळाला धोका असतो, त्याच दिवशी दाखवून रक्त तपासायला पाहिजे. मशीनला फोटो दिला की ते फोटोतच उत्तर शोधतं, त्याचा काय दोष.

गोवरासारखं वाटलं, म्हणजे ताप, खोकला, डोळे लाल आणि मग पुरळ, तर फोटोचा खेळ न करता पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) कळवा, त्याची वेगळी नोंद असते.

आधी प्रश्न, मग फोटो

हा क्रम मी उलटा करायचे. फोटो आला की आधी एआयला टाकायचा, उत्तर वाचायचं आणि मग पेशंटला त्या उत्तराप्रमाणं प्रश्न विचारायचे, म्हणजे झालंच, आपल्याला जे ऐकायचंय तेच ऐकू येतं. आता मी वहीत आधी लिहून घेते. कधीपासून, पहिल्यांदा कुठं दिसलं, आता कुठं कुठं आहे, खाजतं का दुखतं का काहीच होत नाही. "काहीच होत नाही" हे उत्तर खाजेपेक्षा जास्त जपून ऐका, पुढं सांगते का ते. रात्री खाज वाढते का, घरात अजून कोणाला आहे का, बोटांच्या बेचक्यात आहे का. तिन्हीला हो आलं तर खरूज बऱ्यापैकी ठरली, एआय काहीही म्हणू द्या, आणि मग औषध डॉक्टरांनी लिहून दिल्यावर घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं, नुसतं खाजणाऱ्यानं नाही, नाहीतर आठ दिवसांनी परत तेच.

काम काय करता हे विचाराच. आमच्याकडं सोयाबीन-कापसाच्या फवारणीच्या दिवसात हात-मान, खुरपणीच्या दिवसात गाजरगवत. गाजरगवताची ॲलर्जी एआयला फोटोत नुसती इसब दिसते, आणि ते चूक पण नाही म्हणता येत, पण कारण फोटोत नसतं, बांधावर असतं. एक खूण सांगते जी मला लय कामाला आली: नुसत्या उन्हानं चेहरा बिघडला असेल तर पापण्या, हनुवटीच्या खालचा भाग आणि कानामागची जागा वाचते कारण तिथं ऊन लागत नाही, पण गाजरगवताची धूळ हवेतून सगळीकडं घुसते, पापण्या सुजतात, हनुवटीखाली पण असतं, कोपराच्या आतल्या घडीत पण. म्हणून अशा पेशंटला मान वर करून एक फोटो काढायला सांगायचा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र हा: "काय लावलंय?" आणि उत्तर "काही नाय" आलं तर विश्वास ठेवायचा नाही, "ट्यूब दाखवा" म्हणायचं. चट्ट्याचे तीन फोटो पुढं सांगतेय, ट्यूबचा फोटो हा तुमचा चौथा समजा. गजकर्ण झालं की आपल्याकडं माणूस मेडिकलवर जातो, तिथं एक ट्यूब मिळते ज्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तिसरं म्हणजे स्टिरॉइड, सगळं एकत्र. दोन दिवसात खाज थांबते, माणूस खूश, आणि बुरशी आतून पसरत राहते. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड. २०१८ मध्ये सरकारनं अशी १४ स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला, पण गावात चिठ्ठी कोण मागतं. आता यात एआयचं काय होतं ते बघा. गजकर्णाची ओळख म्हणजे गोल कडा, मधे साफ आणि काठाला खवले. मशीननं असे हजारो फोटो बघितलेले असतात. स्टिरॉइड लावलं की कडाच पुसून जाते, चट्टा पसरट आणि विचित्र होतो, मग मशीन म्हणतं इसब किंवा सोरायसिस, आणि त्या दोन्हीवर उपचार काय वाचायला मिळतो तर स्टिरॉइड! म्हणजे गोल फिरून परत तिथंच. ट्यूब माहीत नसताना एआयला विचारूच नका असं मी आशाताईंना सांगून ठेवलंय.

फोटो कसा पाहिजे

सकाळी नऊ ते अकरा किंवा दुपारी चारच्या पुढं, दारात किंवा ओसरीवर, उजेड पाहिजे पण डायरेक्ट ऊन नको. फ्लॅश नको, टॉर्च नको, ब्यूटी मोड बंद (लय जणांच्या फोनमध्ये तो आपोआप चालू असतो, आणि तो नेमका डागच पुसतो). कॅमेऱ्याची काच पदरानं पुसा, तेल-घामाचा थर असतो त्यावर. चट्ट्यावर हळद, गेरू, चुना, राख, तेल काही असेल तर कोमट पाण्यानं हलकं धुवा, घासू नका, आणि दहा मिनिटं थांबा कारण धुतल्यावर लगेच रंग वेगळा दिसतो.

तीन फोटो. एक लांबून, म्हणजे अख्खा हात किंवा अख्खी पाठ, कुठं आहे आणि दोन्ही बाजूला आहे का ते कळायला. दुसरा वीतभर अंतरावरून. तिसरा बाजूनं तिरका, चट्टा उचललेला आहे का सपाट ते त्यात दिसतं. शेजारी एक रुपया ठेवा मापाला, आणि शक्य असेल तर वहीचा पांढरा कागद पण फ्रेममध्ये येऊ द्या, पांढरा रंग पिवळा दिसत असेल तर कातडीचा रंग पण खोटा आहे हे समजतं. अगदी जवळ नेऊन पुसट काढण्यापेक्षा थोडं लांबून स्पष्ट काढलेला बरा. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून पाठवतो आणि बारीक खवले, ठिपके सगळं धुवून जातं. फडावर रेंज नसेल तर रात्री साखर कारखान्याकडं गाडी जाते तेव्हा जातो मेसेज, घाई नसली तर चालतं.

आपला रंग आणि मशीनचा रंग

इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं असतं लाल चट्टा. आपल्या कातडीवर तो लाल दिसतच नाही, जांभळट दिसतो, काळसर, तपकिरी, कधी नुसता आजूबाजूपेक्षा गडद. त्वचेचे रंग मोजायची फिट्झपॅट्रिक म्हणून एक पट्टी आहे, १९७५ पासूनची, सहा प्रकारांची, आणि आपल्या शेतात राबणारी माणसं त्यातली बहुतेक चार-पाच-सहा मध्ये येतात. मशीनला शिकवलेले फोटो मात्र बरेचसे गोऱ्या कातडीचे. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी १,२९,४५० फोटोंवर मशीन शिकवलं आणि ते कॅन्सरचे डाग स्पेशालिस्टइतकं ओळखतं असं दाखवलं, जगभर गाजलं ते. पण २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्याच टीमनं वेगवेगळ्या रंगांच्या त्वचेचे ६५६ फोटो घेऊन अशी मशीन तपासली तर काळ्या-सावळ्या कातडीवर ती घसरली, आणि तसे फोटो देऊन परत शिकवल्यावर फरक कमी झाला. म्हणजे मशीन मूर्ख नाही, त्यानं आपल्याला बघितलेलंच नाही.

म्हणून दोन कामं करायची. एक, लिहिताना "रुग्णाची त्वचा गडद तपकिरी आहे, लालसरपणा जांभळट किंवा काळसर दिसू शकतो" हे वाक्य टाकायचंच. दोन, रंगावर न जाता हाताला काय लागतं ते लिहायचं: गरम आहे का, जाड झालंय का, दाबलं तर दुखतं का, दुसऱ्या पायापेक्षा सुजलंय का. सूज आणि गरमपणा यांची तपासणी पेशंट स्वतः पण करू शकतो, हाताची उलटी बाजू आधी चांगल्या पायाला आणि मग दुखऱ्या पायाला लावायची.

तळपाय, तळहात आणि नखाखालचा काळा डाग किंवा काळी रेघ वाढत असेल तर "आठवड्यात" ढिगात टाका, एआयनं तीळ म्हटलं तरी. आपल्यासारख्या कातडीत मेलानोमा, म्हणजे काळ्या डागाचा कॅन्सर, होतो तो कमीच, पण झाला तर बऱ्याचदा अशाच जागी, आणि तिथं आपण काटा रुतला असेल, दगड लागला असेल म्हणून सोडून देतो.

एआयला काय लिहायचं

मी साधारण असं टाकते, मराठीतच, आता बरं कळतं त्याला: "स्त्री, वय ४२, ऊसतोड कामगार. उजव्या पायाच्या पोटरीवर ४ दिवसांपासून चट्टा, एक रुपयापासून तळहाताएवढा झाला. दुखतो, खाजत नाही. बाजूच्या पायापेक्षा गरम. ताप नाही. शुगर माहीत नाही. काही लावलेलं नाही. त्वचा गडद तपकिरी. निदान एकच सांगू नको. तीन शक्यता सांग, प्रत्येकीत काय विचारलं की फरक कळेल ते सांग, आणि यात धोक्याचं काय सुटू शकतं ते सांग. मग आजच, आठवड्यात, थांबून बघू, यातलं एक निवड आणि का ते सांग."

शेवटचे दोन भाग गाळू नका. धोक्याचं काय सुटू शकतं हे विचारलं नाही तर ते आपल्याला बरं वाटेल असं लिहितं. मी सुरुवातीला एका चॅटबॉटला विचारलं होतं, "हे गजकर्णच आहे ना?" तर म्हणे हो, गजकर्णाचीच लक्षणं आहेत. तोच फोटो दुसऱ्या दिवशी टाकून विचारलं, "हे सोरायसिस आहे ना?" तर त्यालाही हो. गावातल्या सरपंचाच्या हो ला हो करणारे असतात ना तसलं. म्हणून प्रश्नात कधी रोगाचं नाव घालायचं नाही.

आणि बोलीभाषेतले शब्द जपून. मी एकदा लिहिलं, "सगळ्या अंगावर गांधी उठल्यात", तर त्यानं मला महात्मा गांधींबद्दल एक परिच्छेद दिला. "पित्त उठलं" लिहिलं की ॲसिडिटीचं सांगतं. नागीण म्हटलं की साप चावला असं समजून दोरी बांधू नका म्हणून सल्ला. चिखल्या, केस्तूड, शिबं, नायटा, हे कळेल कळेल नाही कळेल. तेव्हा नाव न लिहिता दिसतं ते लिहा: पायाच्या बोटांच्या मधे पांढरी ओली सडलेली कातडी, केसाच्या मुळाशी पू असलेली गाठ, छातीवर फिकट बारीक डाग आणि खाजवलं की भुसा निघतो, असं.

उत्तरात टक्के आले तर त्याकडं फार बघू नका. ९२ टक्के म्हणजे त्याला जे रोग शिकवलेत त्यातल्या त्यात हा जवळचा वाटतो एवढंच. गूगलच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेली मशीन २६ रोगांवर होती, कुठली जास्त तर कुठली कमी, पण यादी असतेच. यादीत जो रोग नाही त्याचं नाव ते जन्मात घेणार नाही, आणि आपल्याला मात्र टक्के बघून वाटतं की त्यानं सगळ्या जगातून निवडून सांगितलं.

नागीण आणि किडा यावरून एक. पावसाळ्यात रात्री दिव्याखाली झोपलेला माणूस सकाळी उठतो तर मानेवर भाजल्यासारखी लांबट रेघ, फोड, आग. गावात म्हणतात किडा मुतला. खरं म्हणजे झोपेत तो बारीक किडा चिरडला जातो आणि त्याच्या अंगातलं पाणी कातडीला लागतं. एआय याला कधी नागीण म्हणतं कधी ॲसिडनं भाजलं म्हणतं. कोपराच्या घडीत असेल तर हात मिटल्यावर जिथं टेकतो तिथं पण तसाच डाग असतो, आरशातल्यासारखा, तो बघा. नागिणीत आधी एक-दोन दिवस नुसतं दुखतं, मग शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यात फोड येतात, मधली रेघ ओलांडत नाही. आता तोंड आणि शेपूट एक झालं की माणूस जातो ही भीती सगळ्यांना आहे, आणि मी आजीबाईंशी त्यावर वाद घालत नाही, मी एवढंच म्हणते की गेरू लावायचा तर लावा पण आज डॉक्टरला दाखवून या, कारण त्याची गोळी पहिल्या तीन दिवसांत सुरू झाली तर जास्त उपयोग होतो आणि आपले तीन दिवस नेमके गेरूतच जातात.

कापसाची वात

आता ते "काहीच होत नाही" वालं.

शेजारच्या तांड्यावरचे एक मामा, पन्नाशीचे, दंडावर फिकट चट्टा. खाज नाही, दुखत नाही, मुलगा लग्नाला आला होता त्यानं फोटो काढून पाठवला. फोटो चांगला होता, उजेड चांगला, तीन बाजूंनी. एआयनं तीन शक्यता दिल्या, शिबं, उन्हानं झालेले पांढरे डाग, आणि तिसरं कोड, ढीग दिला "थांबून बघू". धोक्याचं काय सुटू शकतं यात मात्र कुष्ठरोगाचं नाव होतं, संवेदना तपासा म्हणून. हे वाक्य मी मागितलं नसतं तर आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आशाताई गेल्या. कापसाचं टोक पिळून वात करायची. आधी पेशंटचे डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर टेकवून दाखवायचं, की असं लावणार आहे, लागलं तिथं बोट ठेवायचं. मग डोळे मिटायला सांगायचे. वात ओढायची नाही, नुसती टेकवायची. आधी चांगल्या जागी, मग चट्ट्यावर, मग परत चांगल्या जागी, क्रम बदलत, म्हणजे अंदाजानं सांगता येत नाही. आणि "कळलं का" असं विचारायचं नाही, कारण माणूस लाजेखातर हो म्हणतो. बोट ठेवू द्यायचं.

मामांनी चांगल्या जागी दोन्ही वेळा बरोबर बोट ठेवलं. चट्ट्यावर ताईनं वात टेकवली, मामा डोळे मिटून तसेच बसलेले. परत टेकवली. तिसऱ्यांदा टेकवली तेव्हा मामा म्हणाले, "कर की मग चालू."

ताईनं मला तिथूनच फोन केला. पुढं पीएचसीला पाठवलं, तिथं निदान झालं, गोळ्यांची पाकिटं मिळाली. कुष्ठरोगाचं एमडीटी औषध (एकापेक्षा जास्त औषधं एकत्र) सरकारी दवाखान्यात फुकट असतं, चट्टे पाचपर्यंत असतील तर साधारण सहा महिने, जास्त असतील तर बारा, आणि घरात वेगळं ताट वेगळं अंथरूण काही लागत नाही. आपल्या देशानं २००५ च्या डिसेंबरात कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपला असं जाहीर केलं, म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी पेशंट एवढाच त्याचा अर्थ, गावातून रोग गेला असा नाही. ब्राझीलमध्ये फोटो आणि लक्षणं दोन्ही मिळून कुष्ठरोग ओळखणारं एआय करून बघितलंय, त्यातही नुसता फोटो दिलेला नाही, संवेदनेची माहिती सोबत दिलीय.

दोन सावधानता. चेहऱ्यावरच्या चट्ट्याला संवेदना शाबूत असली तरी कुष्ठरोग नाही असं म्हणता येत नाही, तिथं नसा भरपूर असतात. आणि एका प्रकारात सुन्न चट्टा नसतोच, कातडी तेलकट चमकते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात. त्यामुळं लांबून काढलेल्या फोटोत कान आणि भुवया आल्या तर बघून घ्या.

डॉक्टरपर्यंत आणि परत

एआयचं उत्तर पेशंटला फॉरवर्ड करायचं नाही. कधीच नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे लांबून फोनवर-व्हिडिओवर तपासण्याच्या, नियमात सरळ लिहिलंय की एआय डॉक्टरला मदत करू शकतं पण पेशंटला सल्ला किंवा औषध ते देऊ शकत नाही, ते नोंदणी असलेल्या डॉक्टरनंच द्यायचं. मी काय करते, वहीतली माहिती, तीन फोटो, ट्यूबचा फोटो, संवेदना आहे का नाही, हे ई-संजीवनीवरून (सरकारची ऑनलाइन डॉक्टरशी जोडणारी सेवा) वरच्या डॉक्टरला देते, आणि एआय काय म्हणालं ते शेवटी एका ओळीत, तेही डॉक्टरांनी विचारलं तर. आधी सांगितलं की त्यांचं पण डोकं तिकडंच वळतं.

फोटो काढायच्या आधी विचारा, कशासाठी, कोण बघणार, मशीनमध्ये टाकणार आहे, सगळं सांगा. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायद्यापेक्षा गाव लहान असतं. चेहरा वगळा असं सगळे सांगतात, मी म्हणते गोंदण बघा. आमच्याकडं जुन्या माणसांच्या हातावर स्वतःचं नाव गोंदलेलं असतं, हाताच्या चट्ट्याचा फोटो काढला की नाव-आडनाव सकट गेला. कागदाची पट्टी ठेवून झाका. लघवीच्या जागेचे आणि बायकांच्या छातीचे फोटो मी फोनवर मागवतच नाही, त्यांना उपकेंद्रावर बोलावते किंवा बाई डॉक्टरशी जोडून देते. फोटोतलं लोकेशन बंद ठेवा, चॅटबॉटच्या सेटिंगमध्ये आपली माहिती ट्रेनिंगला वापरायचं बटण बंद करा, ग्रुपवर टाकू नका, आणि गॅलरीतून काढलं तरी गूगल फोटोजमध्ये बॅकअप राहतो तो पण काढा. माझ्या भाच्यानं एकदा घरच्या टीव्हीवर माझे फोटो लावले आणि लग्नाच्या फोटोंनंतर थेट कोणाची तरी चिखल्या झालेली बोटं, तेव्हापासून मी वेगळा फोन ठेवला.

वहीत प्रत्येकासमोर दोन खाने ठेवा, एआयनं कोणता ढीग सांगितला आणि शेवटी कोणता निघाला. मशीननं थांबून बघू म्हटलं आणि आजचा निघाला असं ज्या ज्या वेळी झालं ते लाल पेननं. उलटी चूक झाली, म्हणजे आजच म्हटलं आणि साधं निघालं, तर पेशंटची एक फेरी जाते, ती पण लागतेच माणसाला, पण तो हिशोब वेगळा.

ज्यांना थांबवलं त्यांना तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी फोन करायचा, त्यांनी करायची वाट बघायची नाही. त्याच जागी, त्याच उजेडात फोटो परत. आणि पसरतंय का नाही हे कळत नसेल तर बॉलपेननं चट्ट्याच्या कडेनं रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. सुरुवातीला सांगितला तो पिंडरीवाला गडी, टॉर्चच्या फोटोवर एआय म्हणालं गजकर्ण, आठवड्यात. मी दुपारचा फोटो मागवला, ठणकतंय म्हणाला, खाज नाही, उसाचं पातं कापलेलं चार दिवसांपूर्वी, ताप नाही. म्हटलं पेननं रेघ मार आणि संध्याकाळी पाठव, मधे थंडी वाजली तर वाट न बघता दवाखाना. सहा वाजता फोटो आला, कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, दारात बसून काढलेला, निळी रेघ, शेजारी "१२.३०" लिहिलेलं, आणि सूज रेघेच्या दोन बोटं पुढं गेलेली. मी मुकादमाला फोन लावला आणि तो काही बोलायच्या आधी म्हटलं, गाडी काढा.